एथिडियमची चमक आणि पंपाचा पुरावा : प्रकल्प नोंदी

जागा : जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा. काळ : फेब्रुवारी ते एप्रिल.
प्रश्न : काळ्या मिरीतलं पायपरिन जिवाणूचा औषध बाहेर फेकणारा पंप अडवतं का, आणि अडवतं असं म्हणायला नेमका कोणता पुरावा लागतो?

३ फेब्रुवारी

जिवाणू ठरला : बॅसिलस सबटिलिस १६८. पायपरिनवरचं मूळ काम स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नॉर-ए पंपावर आहे (जम्मू, २००६, सिप्रोफ्लोक्सासिनसोबत पायपरिन दिल्यावर औषधाचा असर वाढला). पण पदव्युत्तर वर्गाच्या हाती ऑरियस देणं आमच्या सोयींत बसत नाही. सबटिलिस निरुपद्रवी आहे. त्याचा बीएमआर पंप नॉर-एचा जवळचा भाऊबंद, दोघांची अमिनो आम्लं सुमारे ४४ टक्के जुळतात. बीएमआरचं काम १९९१ मध्ये पुढे आलं. एथिडियम (डीएनएला चिकटून चमकणारा रंग, आपण त्याच्याच चमकेवरून पंप मोजणार), ऱ्होडामिन, टेट्राफेनिलफॉस्फोनियम अशी एकमेकांशी नातं नसलेली रसायनं हा एकच पंप बाहेर काढतो, आणि सर्पगंधेतलं रेझर्पिन त्याला अडवतं. म्हणजे तुलनेसाठी खात्रीचा अडसर हाताशी आहे.

एक मर्यादा आजच लिहून ठेवतो. सबटिलिसमध्ये एथिडियम बाहेर टाकणारा बीएमआर एकटाच नाही. ईबीआर-ए आणि ईबीआर-बी या दोन छोट्या प्रथिनांची जोडीही तेच काम करते. त्यामुळे आपल्या निकालात ‘एथिडियमचा निचरा’ एवढंच म्हणायचं. बीएमआरचं नाव घ्यायचं तर तो जनुक काढून टाकलेला स्ट्रेन (सबटिलिसचा वाण) लागेल.

६ फेब्रुवारी

द्रावणं :

पीबीएस (पेशी धुवायचं फॉस्फेट बफर), १ लिटर : सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४ ग्रॅम. पीएच ७.४. दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणीच घ्यायचं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या स्टिलमध्ये क्षाराचा थर इतका बसतो की कधी कधी पाण्याचा फेस थेट पुढे जातो. ते पाणी फॉस्फेटमध्ये घातलं की हलका गढूळपणा येतो, आणि पेशी किती आहेत याचं आपलं मोजमाप गढूळपणावरच आहे.

ग्लुकोज २० टक्के, गाळून निर्जंतुक केलेलं. वापरताना ०.४ टक्के.

एथिडियम ब्रोमाइड १ मिलिग्रॅम प्रति मिलि, तपकिरी बाटलीत. नायट्राइल हातमोजे सक्तीचे. उरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. त्यात सक्रिय कोळसा, आणि तो कोळसा घातक कचऱ्यात. त्यावर ब्लीच ओतायचं नाही. रंग जातो म्हणून ‘साफ झालं’ असं वाटतं, पण जे तयार होतं तेही उत्परिवर्तन घडवू शकतं.

रेझर्पिन ५ मिलिग्रॅम प्रति मिलि, डीएमएसओ या विद्रावकात. सीसीसीपी (पंपाची ऊर्जा तोडणारं रसायन) १० मिलिमोलर, डीएमएसओमध्येच. दोन्ही फॉइलमध्ये गुंडाळून.

१२ फेब्रुवारी

पहिली चाचणी वाया गेली. कारण सरळ आहे : आठवडाभर जुन्या स्लँटवरून (तिरक्या अगारच्या नळीवरून) थेट पेशी घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्याहून जास्त बीजाणू दिसले. बीजाणूत एथिडियम शिरत नाही, आणि बीजाणू पंपही चालवत नाही. ओडीत (गढूळपणाच्या मापात) मात्र तो पेशीसारखाच मोजला जातो.

आता पद्धत अशी : आदल्या संध्याकाळी ताज्या प्लेटवरची एक वसाहत ५ मिलि न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये. सकाळी तिच्यातलं १ मिलि ५० मिलि ब्रॉथमध्ये, हलवत ठेवायचं, ६०० नॅनोमीटरला ओडी ०.६ झाली की लगेच काढायचं. ०.८ च्या पुढे गेली तर टाकून द्यायची. सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी, १० मिनिटं. पीबीएसने दोनदा धुवायचं. शेवटी ओडी ०.२.

क्युवेट (चमक मोजायच्या यंत्रात ठेवायची छोटी चौकोनी नळी) चारही बाजूंनी पारदर्शक हवी. शोषणमापनाची दोन बाजू धूसर असलेली क्युवेट चुकून लावली तर प्रकाश काटकोनात बाहेर येत नाही आणि आकडे शून्याजवळ घुटमळतात. प्लॅस्टिकची चालते, कारण आपण ५३० नॅनोमीटरने उजळतो आणि ५८५ ला वाचतो, अतिनील कुठेच नाही.

१५ फेब्रुवारी

एथिडियम किती घ्यायचं ते ठरवलं. हे पाऊल गाळून पुढे गेलं की सगळा प्रकल्प वाळूवर उभा राहतो.

एथिडियम पाण्यात मंद चमकतं, डीएनएच्या जोड्यांमध्ये शिरलं की कित्येक पटींनी. म्हणून पेशीत किती शिरलं ते चमकेवरून कळतं. पण कमी एथिडियम दिलं तर पंप ते सहज उपसतो. जास्त दिलं तर पंप पुरा पडत नाही आणि अडसर घातला काय, न घातला काय, चमकेची रेघ तशीच वर जाते. हवी ती मात्रा मधली : ग्लुकोज असताना आत येणं आणि बाहेर जाणं जेमतेम बरोबरीत राहील एवढी.

०.२५, ०.५, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि अशा पाच क्युवेटी, प्रत्येक ६० मिनिटं. ०.५ पर्यंत रेघ सपाट. १ ला किंचित चढ. २ ला ग्लुकोज असूनही स्पष्ट चढ. १ पक्की केली.

शंभर टक्के कशाला म्हणायचं? त्याच पेशी ७० अंशाला १० मिनिटं ठेवून मारल्या आणि १ मायक्रोग्रॅम एथिडियम दिलं. ती चमक म्हणजे १००. रोजच्या दिवशी नवी मोजायची. यंत्राचे स्लिट आणि डिटेक्टरचा व्होल्टेज मधे हलवायचा नाही, नाहीतर कालचे आणि आजचे आकडे एका कागदावर मांडता येणार नाहीत.

२१ फेब्रुवारी : वाचन

गटात एकच प्रश्न परत परत येतो : पंप औषध ‘ओळखतो’ कसं? विकराला एक ठराविक सबस्ट्रेट लागतो, मग हा पंप इतकी निराळी रसायनं कशी धरतो? इथे थांबून नीट लिहितो.

कुलूप-किल्लीची उपमा इथे सोडून द्यावी. पंपाच्या आतला खिसा मोठा आणि तेलकट असतो, भिंतींवर फिनिलअॅलनिन, टायरोसिनसारखी चपट्या वलयांची अमिनो आम्लं. औषध तिथे नेमक्या कोनात अडकत नाही, जिथे सोयीचं पडेल तिथे टेकतं. उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची (प्राण्यांच्या पेशींतल्या अशाच पंपाची) रचना २००९ मध्ये निघाली. तिच्यात आतली पोकळी सुमारे ६००० घन अँगस्ट्रॉम भरली. त्याच कामात एकाच वर्तुळाकार पेप्टाइडची दोन रूपं घेतली होती, अणू तेच, फक्त डावं-उजवं वेगळं. एका रूपाचा एकच रेणू खिशात बसला. दुसऱ्याचे दोन रेणू एकाच वेळी बसले, आणि जागाही वेगळी. एवढ्या एका उदाहरणातून ‘अनेक औषधं, एक खिसा’ याचा अर्थ उलगडतो.

मग तेलकट असेल ते सगळं जातं का? नाही. बीएमआर, नॉर-ए यांच्या औषधांत धन विद्युतभार वारंवार दिसतो. एथिडियमवर तो आहे. तेलकट भिंतीत खोल पुरलेलं एखादं ग्लुटामेट ऋण भाराने त्याला खेचतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते पंपात नव्हे, बीएमआर-आर नावाच्या नियामक प्रथिनात. तेही औषध धरतं आणि बीएमआरचा जनुक जागा करतं. १९९९ च्या रचनेत टेट्राफेनिलफॉस्फोनियमच्या पोटाशी असंच एक पुरलेलं ग्लुटामेट सापडलं. ई. कोलायच्या ईएमआर-ई या अवघ्या ११० अमिनो आम्लांच्या पंपात चौदाव्या जागेवरचं ग्लुटामेट दुहेरी काम करतं : प्रोटॉन धरतं, नाहीतर औषध धरतं, दोन्ही एकदम नाही. म्हणून प्रोटॉन आत आला की औषधाला जागा सोडावी लागते. ओळख आणि ऊर्जा इथे एकाच अमिनो आम्लावर जोडलेली आहेत. नॉर-एतही दोन ऋण अमिनो आम्लं महत्त्वाची आहेत, २२२ वं ग्लुटामेट आणि ३०७ वं अॅस्पार्टेट. २०२२ मध्ये त्यांच्याशी बिलगणारा प्रतिपिंडाचा तुकडा वापरून पंप बाहेरून बंद करून दाखवला गेला.

ऊर्जेवरून दोन मोठी घराणी. बीएमआर आणि नॉर-ए प्रोटॉनच्या उतारावर, म्हणजे पेशीच्या पटलाबाहेर प्रोटॉन जास्त आणि आत कमी या फरकावर, चालतात. पी-ग्लायकोप्रोटीन एटीपी (पेशीचं इंधन) फोडून चालतं : माणसाच्या पेशींत १२८० अमिनो आम्लं, पटलातून आरपार जाणाऱ्या १२ सर्पिल पट्ट्या, आतल्या बाजूला एटीपीच्या दोन जागा. हे प्रथिन १९७६ मध्ये कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींत सापडलं. ते औषध पेशीद्रवातूनच उचलतं असं नाही, पटलातूनही उचलतं. याचा सुंदर पुरावा १९९३ चा आहे. कॅल्सिनचं एस्टर रूप पेशीत शिरलं की आतली विकरं ते लगेच तोडतात आणि चमकणारं कॅल्सिन उरतं. पी-ग्लायकोप्रोटीन असलेल्या पेशींत चमकच आली नाही. म्हणजे एस्टर विकरांच्या हाती लागण्याआधीच, पटलात असतानाच, बाहेर फेकलं गेलं.

अडसराबद्दल : बीएमआरमध्ये २८६ व्या जागी व्हॅलिनऐवजी ल्युसिन आलं की रेझर्पिनचा असर घटतो, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. एका कार्बनचा फरक. म्हणून एका पंपावर चाललेलं रसायन शेजारच्या पंपावर चालेलच, हे गृहीत धरायचं नाही. आपल्या पायपरिनलाही हाच नियम.

२७ फेब्रुवारी

आज सीसीसीपी. हे प्रोटॉनचा उतारच मोडतं, म्हणजे पंपाची वीज काढून घेतल्यासारखं. २० मायक्रोमोलर दिलं, ग्लुकोजसह. चमक भराभर चढली, ४० मिनिटांत शंभराच्या वर गेली.

शंभराच्या वर? मारलेल्या पेशींपेक्षा जास्त चमक येणं गैर आहे. क्युवेट उजेडाकडे धरली तर द्रावण स्वच्छ दिसत होतं. ओडी घेतली : ०.२० ची ०.०९. क्युवेट तिरकी केल्यावर तळाशी शेंबडासारखा बारीक धागा हलला. तो डीएनए.

कारण सबटिलिसच्या पेशीभित्तीत आहे. ती स्वतःची भिंत कापणारी विकरं बाळगते, वाढताना भिंत सैल करायला. पटल ऊर्जित असेपर्यंत ही विकरं दबलेली असतात. प्रोटॉनचा उतार मोडला की ती मोकाट सुटतात, पेशी फुटते, डीएनए बाहेर सांडतो. बाहेरचं एथिडियम त्याला धरतं आणि क्युवेट उजळते. पंप बंद झाल्यामुळे आत साठलेलं एथिडियम आणि पेशी फुटल्यामुळे बाहेर चमकलेलं एथिडियम, यंत्राला दोन्ही सारखेच.

यापुढे प्रत्येक रसायनाला तीन तपासण्या, एकही सोडायची नाही :

पहिली, शेजारी तशीच नळी ठेवून दर १० मिनिटांनी ओडी. दहा टक्क्यांहून जास्त घसरली तर तो आकडा बाद.

दुसरी, शेवटी १ मिलि काढून २ मिनिटं जोरात फिरवायचं आणि वरच्या निवळीची चमक वाचायची. आज निवळीतच बहुतेक चमक होती.

तिसरी, शंका उरली तर ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि डीएनएज (डीएनए तोडणारं विकर). चमक कोसळली तर डीएनए बाहेर होता. पेशीच्या आतल्या डीएनएपर्यंत डीएनएज पोचत नाही. आजच्या नळीत कोसळली.

सीसीसीपी ५ मायक्रोमोलरवर आणलं, वाचन फक्त पहिली १० मिनिटं. ओडी टिकली, चढ कमी पण खरा.

१ मार्च

ऱ्होडामिनने बीएमआर-आर जागं करून पंप वाढवायचा विचार सोडला. ऱ्होडामिनची चमक ५५० नॅनोमीटरच्या आसपास, आपण वाचतो त्या खिडकीत घुसते. धुऊनही पूर्ण जात नाही.

७ मार्च

रेझर्पिन २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. म्हणजे प्रति मिलि ४ मायक्रोलिटर साठा, डीएमएसओ ०.४ टक्के, दुसऱ्या नळीत नुसतं तेवढंच डीएमएसओ. डीएमएसओच्या नळीत काही फरक नाही. रेझर्पिनच्या नळीत चढ चांगला, ओडी जागेवर, निवळी काळोखी. तिन्ही तपासण्या पार. प्रकल्पातला हा पहिला आकडा जो निर्धास्त लिहिता येतो.

सूचना : रेझर्पिन उजेडात पिवळं पडतं आणि त्यातून हिरवट चमकणारं रूप तयार होतं. साठा पिवळा दिसला की टाकायचा. एथिडियमशिवाय नुसतं रेझर्पिन आणि पेशी अशी नळीही रोज.

२६ मार्च

पायपरिन काढलं. बाजारातली काळी मिरी १० ग्रॅम, मसाल्याला कुटतात त्याहून बारीक. भाजलेली नको. सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण), ९५ टक्के इथेनॉल १५० मिलि, २ तास.

कंडेन्सरची अडचण आली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देईल इतकं तापतं, त्यावर इथेनॉलची वाफ नीट थिजत नाही आणि खोलीत वास भरतो. धोका आगीचाही आहे. उपाय : बादलीत पाणी आणि बर्फ, त्यात डेझर्ट कूलरचा छोटा बुडता पंप, त्याची नळी कंडेन्सरला, परतीचं पाणी पुन्हा बादलीत. दोन तासांना साधारण दोन लाद्या बर्फ. हीटिंग मँटलपासून बादली लांब, पंपाचा प्लग वेगळ्या बोर्डवर.

अर्क आटवून १५ मिलि. त्यात १० टक्के अल्कोहोली पोटॅश १० मिलि, गरम असतानाच. राळेसारखं खाली बसतं, ते गाळून टाकायचं. गाळून निघालेल्या द्रवात थेंब थेंब पाणी, ढग दिसेपर्यंत, मग रात्रभर तसंच. सकाळी पिवळ्या सुया. एकदम पाणी ओतलं तर सुया नाहीत, पिवळा चिखल मिळतो, आणि राळ त्यातच अडकते. पुन्हा अॅसिटोन-हेक्झेनमधून स्फटिक केले. वितळणबिंदू १२८ ते १२९ अंश. चांगलं. तपकिरी बाटलीत, उजेडात पायपरिनचे रेणू रूप बदलतात.

८ एप्रिल

उन्हाळ्याने पद्धतीतलं एक भोक दाखवलं. सकाळी ७ वाजता आणि दुपारी २ वाजता तीच पेशी, तीच द्रावणं, आकडे वेगळे. खोलीत सकाळी २८ अंश, दुपारी ४०.

तापमानाने एकाच वेळी तीन गोष्टी हलतात. पटल सैल होऊन एथिडियम लवकर आत येतं. पंपही जोरात चालतो. आणि डीएनएला चिकटलेल्या एथिडियमची चमक उष्णतेने कमी होते. तिन्ही एकत्र आल्यावर उरलेल्या आकड्यावरून काहीच सुटं काढता येत नाही.

वॉटर बाथ ३७ वर लावली होती, पण तिला फक्त तापवता येतं. खोली ४० वर असताना ती ३७ कशी धरणार? साधा इन्क्युबेटरही तसाच, दिवा विझलेला आणि थर्मामीटर ३९ वर. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मेमध्ये ‘३७ अंशाला ठेवले’ असं लिहिण्याआधी आतला थर्मामीटर वाचावा. ही साधी गोष्ट वहीत आपोआप लिहिली जाते आणि खोटी असते.

बदल : सगळं ३० अंशाला, थंड करणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये. क्युवेट यंत्रात १५ सेकंदांहून जास्त नाही. काम सकाळी ६ ते ९. त्यात वीज गेली तर ती फेरी बाद, दार उघडायचं नाही. मार्चचे रेझर्पिनचे आकडे ३० अंशाला पुन्हा घेतले. कल तोच, चढ थोडा मंद.

१७ एप्रिल

पायपरिन १२.५, २५ आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. पायपरिनचं शोषण ३४० च्या आसपास, त्यामुळे ५३० ला त्याची लुडबूड नाही.

५० ला ओडी घसरली नाही, उलट ०.२० ची ०.२७ झाली. पेशी वाढल्या नाहीत, बफरमध्ये वाढायला काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुया. पायपरिन पाण्यात लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅमच विरघळतं, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि त्याच्या पुढे जातं. सुया प्रकाश विखुरतात आणि त्यातला थोडा डिटेक्टरपर्यंत पोचतो. ५० चा आकडा बाद, वरची मर्यादा २५. पहिली तपासणी फुटणाऱ्या पेशींसाठी ठेवली होती, तिने आज सुयाही पकडल्या.

२५ ला चढ आहे. ओडी ०.१९, निवळी काळोखी.

२४ एप्रिल

साठण्याचा चढ दोन कारणांनी येऊ शकतो : बाहेर जाणं कमी झालं, किंवा आत येणं वाढलं. म्हणून आज उलटी मांडणी. पेशींत आधी एथिडियम भरलं : ग्लुकोज नाही, रेझर्पिन २० मायक्रोग्रॅम, एथिडियम १ मायक्रोग्रॅम, २५ अंश, ६० मिनिटं. मग थंडगार फिरवून धुतलं आणि एथिडियम नसलेल्या बफरमध्ये सोडलं, ३० अंश. आता बाहेरून आत येण्यासारखं काही उरलं नाही, दिसेल तो फक्त निचरा.

धुणं एकदाच आणि बर्फात. दोनदा धुतलं तर तेवढ्यात पंप अर्धं रिकामं करतो.

नुसतं बफर : ३० मिनिटांत थोडा उतार. ग्लुकोज : पहिल्या ५ मिनिटांतच खडी घसरण. ग्लुकोज आणि रेझर्पिन : जवळजवळ सपाट. ग्लुकोज आणि पायपरिन २५ : उतार आहे, पण ग्लुकोजच्या नळीपेक्षा मंद, रेझर्पिनइतका अडलेला नाही. तीन वेगळ्या दिवसांच्या पेशी, प्रत्येक वेळी क्रम हाच. प्लेटवर मोजलेल्या जिवंत पेशी सुरुवातीला आणि शेवटी जवळपास तेवढ्याच.

वहीत निकाल या शब्दांत लिहिला : ‘३० अंशाला, २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि पायपरिनने सबटिलिसमधून एथिडियमचा ऊर्जेवर चालणारा निचरा मंदावतो, पेशी फुटत नाहीत.’ ‘पंप अडवतो’ हे शब्द अजून नाहीत. पायपरिन पटलाची विद्युत पातळी उतरवत असेल तरीही निचरा असाच मंदावेल. त्यासाठी पटलाचा व्होल्टेज दाखवणारा डिस्क-थ्री-फाइव्ह हा रंग मागवला आहे. पॉलिस्टायरिनच्या क्युवेटला तो चिकटतो, म्हणून काचेच्या चार क्युवेटी बाजूला काढून नायट्रिक आम्लात भिजत घातल्या.